हालचाल ओळखणारे डिमर स्विच: निवड, जोडणी आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचं निदान

काजवा (धागाकर्ता)

माणूस आला की दिवा उजळणार, गेला की आधी मंद होऊन मग विझणार, अशी सोय आता साध्या स्विचबोर्डात मावते. तक्रारी मात्र सगळीकडे त्याच ऐकू येतात. दिवा बंद असूनही मिणमिणतो, मंद केल्यावर थरथरतो, माणूस खोलीत बसलेला असताना विझतो, किंवा कोणी नसताना लागतो. दोष बहुतेक वेळा ‘सेन्सर खराब’ म्हणून सेन्सरच्या माथी मारला जातो, स्विच बदलला जातो आणि तक्रार तशीच राहते.

या एका डबीत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक हालचाल पाहते, दुसरी वीज कापून दिवा मंद करते. दोघींचे आजार वेगळे आणि उपायही वेगळे. म्हणून दोष शोधताना पहिली पायरी अशी: सेन्सरच्या तोंडावरच्या पांढऱ्या भिंगावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा नीट चिकटवा. फॉइल फक्त बाहेरच्या प्लास्टिकवर राहू द्या, कडेच्या फटीतून आत जाऊ देऊ नका. ठरलेली वेळ संपून दिवा विझेपर्यंत थांबा. फॉइल असतानाही दिवा पुन्हा लागला किंवा मिणमिणत राहिला, तर गडबड तारांत, दिव्यात किंवा डिमरमध्ये आहे. फॉइल लावल्यावर सगळं शांत झालं, तर सेन्सरला नको ते दिसतंय. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची शोधाशोध निम्म्यावर येते.

डिमरबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं. सेन्सर कुठे आणि कसा बसवावा, ते खालच्या प्रतिसादात देतो.

काजवा

घरात वापरले जाणारे बहुतेक सेन्सर पीआयआर जातीचे. ते स्वतः काही किरण सोडत नाहीत, अंगातून निघणारी उष्णता पाहतात. माणसाच्या शरीराची उष्णता साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीत बाहेर पडते आणि त्यातला सर्वांत जोरकस भाग ९.५ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. आत शेजारी शेजारी दोन संवेदक पट्ट्या उलट ध्रुवतेने जोडलेल्या असतात. खोलीचं तापमान वाढलं तर दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांना खोडून काढतो. माणूस चालत गेला की आधी एक पट्टी तापते, मग दुसरी, आणि त्या फरकातून संकेत मिळतो. समोरचं पांढरं खाचाखाचांचं भिंग खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडतं. एका भागातून दुसऱ्यात गेलात, तर सेन्सरला तुम्ही दिसता.

यातून बसवण्याचे नियम आपोआप निघतात.

सेन्सरसमोरून आडवं चाललेलं त्याला लगेच दिसतं, सरळ त्याच्याकडे चालत आलेलं उशिरा. म्हणून बोळाच्या टोकाच्या भिंतीवर लावलेला सेन्सर माणूस अर्धा बोळ चालून आल्यावर जागा होतो. तोच बाजूच्या भिंतीवर, दारालगत लावला तर पहिल्या पावलाला दिवा लागतो.

काचेतून ही उष्णता आरपार जात नाही. न्हाणीघरात काचेच्या पार्टिशनमागे अंघोळ करणारा माणूस पीआयआरला दिसतच नाही.

दार उघडल्यावर ज्या भिंतीला टेकतं, तिथला बोर्ड सेन्सरसाठी निरुपयोगी. दार उघडं असेपर्यंत तो आंधळा.

बोर्डाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरवर बसवलेला सेन्सर चालणाऱ्याला पाचसहा मीटरवरून पकडतो. टेबलाशी बसून फक्त हात हलवणाऱ्याला मात्र दोनतीन मीटरच्या पलीकडून धरेलच असं नाही. पाकिटावर छापलेलं अंतर चालणाऱ्या माणसाचं असतं, हे ध्यानात ठेवा.

आणि उन्हाळ्यात खोलीच ३५–३६ अंशांवर गेली, तर अंग आणि भिंत यांच्यातला फरक जवळजवळ उरत नाही. त्या दिवसांत सेन्सर मंदावतो. तो बिघडलेला नाही.

तारसंगती

उत्तम सुरुवात. आता डिमरची बाजू.

बोर्ड उघडताच पहिला प्रश्न: आत न्यूट्रल आहे का? जुन्या वायरिंगमध्ये बोर्डात फेज येते, खटक्यातून दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रल थेट वर दिव्याच्या होल्डरला जातं. खटक्याला त्याची गरज नसायची. सेन्सर मात्र चोवीस तास जागा असतो, त्याला स्वतःसाठी वीज लागते. न्यूट्रल नसेल तर दोन तारांचा सेन्सर ती वीज दिव्याच्या पोटातून खेचतो, म्हणजे ‘बंद’ अवस्थेतही दिव्यातून थोडा प्रवाह वाहत राहतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचं काही वाटत नसे. एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधलं (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमधलं) कपॅसिटर मात्र त्या थेंबाथेंबाने भरत जातं, पुरेसं भरलं की ड्रायव्हर सुरू व्हायला बघतो, दिवा चमकतो, कपॅसिटर रिकामं होतं आणि पुन्हा तेच. दर काही सेकंदांनी दिवा डोळा मिचकावतो, त्याचं कारण हे.

उपाय, पसंतीच्या क्रमाने:

१. न्यूट्रल लागणारा, तीन किंवा चार तारांचा सेन्सर-डिमर घ्या आणि बोर्डात न्यूट्रल ओढून घ्या. नळीत जागा असेल तर हे काम वाटतं तेवढं मोठं नाही.

२. ते शक्य नसेल तर त्याच उत्पादकाचा बायपास, म्हणजे गळता प्रवाह दिव्याला वळसा घालून नेणारा छोटा भाग, दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडा. बोर्डात, स्विचच्या दोन टोकांवर नाही. चुकीच्या जागी जोडला तर दिवा आणखी मिणमिणेल. सुटं कपॅसिटर लावून काम भागवायचा मोह टाळा. मेन्सवर सतत राहणारं कपॅसिटर एक्स-२ वर्गाचंच (थेट मेन्सवर जोडण्यासाठी बनवलेलं) हवं आणि त्याला बंदिस्त डबी हवी.

३. एका सर्किटवर दिवे वाढवा. एका ५ वॅटच्या बल्बवर रुसणारा डिमर चार बल्बांवर शांत चालतो, असं पुष्कळदा होतं.

मंदप्रकाश

तारसंगती, यात एक भर. स्विच बदलण्याआधी तिथे साधा खटका जोडून पाहा. साध्या खटक्यावरही दिवा मिणमिणत असेल, तर डिमरचा काही संबंध नाही. एक तर फेजऐवजी न्यूट्रल कापलं जातंय, किंवा लांबवर एकाच नळीतून शेजारी शेजारी गेलेल्या तारांमुळे बंद तारेत वीज उतरतेय. न्यूट्रल कापलं जात असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण तशा जोडणीत खटका बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असते.

बोळातला_दिवा

‘डिमेबल’ असं छापलेलाच बल्ब घेतला आहे, स्विचला न्यूट्रलही आहे. तरी ३० टक्क्यांखाली आणलं की दिवा थरथरतो आणि बारीक गुणगुण ऐकू येते. स्विचवर २५० वॅट लिहिलंय, बल्ब फक्त दोन, प्रत्येकी ७ वॅट. भार तर कमीच आहे ना?

तारसंगती

भार कमी आहे, हीच अडचण आहे.

स्विचमध्ये ट्रायॅक, म्हणजे वीज कापणारा इलेक्ट्रॉनिक खटका, असावा. ट्रायॅक एकदा सुरू झाला की त्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहत राहावा लागतो, नाहीतर तो अर्ध्यातच मिटतो. नेमका आकडा ट्रायॅकप्रमाणे बदलतो, पण काही मिलिअँपिअर ते काही दहा मिलिअँपिअर धरा. २३० व्होल्टवर १४ वॅटचे दिवे पूर्ण उजेडात ६० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, मंद केल्यावर त्याहून बरेच कमी. मग ट्रायॅक कधी धरतो, कधी सोडतो. डोळ्यांना ती थरथर दिसते.

गुणगुणीचं कारण वेगळं. ट्रायॅकचा डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा पुढचा भाग कापतो. म्हणजे व्होल्टेज शून्यावरून हळूहळू चढण्याऐवजी एकदम वर उडी मारतं, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. प्रत्येक उडीला ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये प्रवाहाचा धक्का जातो आणि आतले भाग कंप पावतात. लाटेचा मागचा भाग कापणारे डिमर मॉस्फेटवर (हव्या त्या क्षणी बंद करता येणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) चालतात. त्यात व्होल्टेज शून्यापासून नीट चढतं आणि मध्येच बंद होतं. एलईडी ड्रायव्हरला हे मानवतं, आवाज जातो, आणि किमान भारही कमी पुरतो. तुमच्या बाबतीत असाच स्विच घ्या. ‘मागची कड’ किंवा ‘ट्रेलिंग एज’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अपवाद एकच: लोखंडी गाभ्याचा जुना ट्रान्सफॉर्मर असलेले कमी व्होल्टेजचे दिवे. तिथे पुढची कड कापणारा डिमरच लावायचा. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह मध्येच तोडला तर व्होल्टेजचा फटका उसळतो आणि मॉस्फेट जातं.

स्विचवर छापलेला वॅटचा मोठा आकडा बहुधा तारेच्या बल्बांसाठीचा असतो. एलईडीसाठीचा आकडा वेगळा आणि पुष्कळ लहान, तो माहितीपत्रकात शोधा. एकाच पेटीत दोनतीन डिमर शेजारी असतील तर उष्णतेमुळे प्रत्येकाची मर्यादा आणखी उतरते.

मंदप्रकाश

स्विच बदलण्याआधी किमान पातळी लावून पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये भिंगाखालच्या झाकणाआड एक बारीक स्क्रू किंवा बटण असतं. रीत अशी:

झाकण काढण्यापूर्वी एमसीबी पाडा, आणि समायोजनाचा भाग वीज चालू असताना हाताळायला सुरक्षित आहे का ते माहितीपत्रकात वाचा. सुरक्षित असेल तरच एमसीबी पुन्हा चालू करून दिवा सर्वांत मंद करा. थरथरत असेल तर किमान पातळी अगदी थोडीथोडी वर न्या आणि थरथर थांबली की आणखी किंचित वर नेऊन ठेवा. आता दिवा बंद करून पाच मिनिटं थंड होऊ द्या आणि त्याच मंद पातळीवर चालू करा. ही शेवटची चाचणी लोक विसरतात. चालू दिवा १० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो, पण बंद दिवा थेट १० टक्क्यांवर सुरू होईलच असं नाही. सेन्सरच्या बाबतीत हेच महत्त्वाचं, कारण रात्री तो बंदवरून थेट मंदवर जातो.

थरथर डोळ्यांना कळत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याचं स्लो मोशन लावून दिव्याखालच्या भिंतीवर रोखा. पट्टे किंवा धडधड दिसेल.

उंबरठा

मंद पातळी किती ठेवावी, याबद्दल लिहायचं होतं. डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. मोजलेला उजेड १० टक्के केला तर डोळ्यांना तो साधारण ३२ टक्के भासतो, १ टक्का केला तर १० टक्के. ०.१ चं वर्गमूळ ०.३२ येतं, हिशोब तोच. त्यामुळे जिन्यात किंवा बोळात कोणी नसताना १० टक्के ठेवणं पुष्कळ होतं, पायऱ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात.

रात्री स्वच्छतागृहात जाणाऱ्यासाठी पूर्ण उजेड नकोच. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत क्षणात ती कमाई जाते. रात्रीची पातळी १० ते १५ टक्के, पिवळसर दिवा, आणि उजळायला एक सेकंदाचा चढ. घरात वयस्कर माणसं असतील तर पातळी जरा वर ठेवा. त्यांना तेवढंच दिसायला जास्त उजेड लागतो, आणि इथे चार वॅट वाचवण्यापेक्षा पाय नीट पडणं महत्त्वाचं.

विझतानाही दोन टप्पे ठेवा: वेळ संपली की आधी ५० टक्के, तिथे ३० सेकंद, मग बंद. आत बसलेल्याला हात हलवायला सवड मिळते. डिमर असलेल्या सेन्सरचा खरा फायदा मला हाच वाटतो. साधा सेन्सर माणसाला अचानक अंधारात टाकतो आणि मग लोक वैतागून तो काढून टाकतात.

वेळेचे आकडे: जिना १ ते २ मिनिटं, बोळ ३, स्वयंपाकघर १०, न्हाणीघर १५, अभ्यासाचं टेबल २० किंवा अधिक. प्रत्येक हालचालीला घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. झोपण्याच्या खोलीत ‘आपोआप चालू’ ठेवूच नका. कूस बदलली तरी दिवा लागेल. तिथे हाताने चालू आणि आपोआप बंद अशी रीत निवडा, बहुतेक स्विचमध्ये ती असते.

बोळातला_दिवा

धन्यवाद, किमान पातळी वर नेल्यावर थरथर थांबते, गुणगुण राहते. मागची कड कापणारा शोधतो. दुसरी शंका: उजेडाची मर्यादा (ठरावीक अंधार झाल्यावरच दिवा लागावा, अशी सोय) लावली की संध्याकाळी दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, असं चालू राहतं. फॉइल लावली की थांबतं.

काजवा

हा स्वतःच्याच उजेडाचा फेरा आहे. सेन्सरला अंधार वाटतो, तो दिवा लावतो. दिव्याचा उजेड सेन्सरवर पडतो, त्याला वाटतं दिवस आहे, तो विझवतो. चांगले सेन्सर दिवा बंद असतानाच उजेड मोजतात, स्वस्तातले सतत मोजतात. फॉइलने फेरा थांबतो, कारण हालचाल दिसणंच बंद होतं.

दिवा आणि सेन्सर समोरासमोर असतील तर एकाची दिशा बदला. ते जमत नसेल तर उजेड मोजणारी बारीक खिडकी शोधा, ती बहुधा भिंगाच्या कडेला किंवा भिंगाच्याच मागे असते. दिव्याच्या बाजूने काळ्या टेपचा छोटा आडोसा करा. मग मर्यादा दिवेलागणीच्या वेळीच लावा. दुपारी अंदाजाने लावलेली मर्यादा हमखास चुकते.

भिंगावरची टेप आणखी एका कामाची आहे. मांजर-कुत्र्यामुळे दिवा लागत असेल तर भिंगाच्या खालच्या ओळी आतून झाका. जमिनीलगतचे पट्टे त्या ओळींतून दिसतात. नको असलेल्या दाराकडचा किंवा एसीच्या झोताकडचा भागही असाच झाकता येतो. गरम-गार हवेचा झोत आणि सेन्सर यांत किमान दीड मीटर अंतर हवं.

फेजन्यूट्रल

जिन्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खाली एक, वर एक असे दोन सेन्सर-डिमर आणून दोघांचे आउटपुट एकाच दिव्याला जोडले, असे प्रयोग होतात. दोन डिमर समांतर जोडू नका. दोघे लाट वेगवेगळ्या जागी कापतात, आणि एकाच्या बंद भागावर दुसऱ्याचं व्होल्टेज येऊन बसतं. रिलेवर (विजेने हलणाऱ्या आतल्या खटक्यावर) चालणारे साधे सेन्सर समांतर चालतात, तेही दोघांना एकाच सर्किटची फेज असेल तरच. डिमर हवा असेल तर एक मुख्य आणि दुसरा त्याचा सोबती असा जोडीचा संच घ्या. सोबती फक्त संकेत पाठवतो, वीज कापण्याचं काम एकट्या मुख्याचं.

जिन्यातली दुसरी चूक उसन्या न्यूट्रलची. फेज खालच्या मजल्याच्या सर्किटची आणि न्यूट्रल वरच्याचं, कारण तेच हाताशी होतं. दिवा लागतो, पण आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे का, हेच बघत असते. फरक दिसला की ती पडते. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरची, म्हणजे ७ वॅटचा दिवाही तिला पाडायला पुरेसा ठरू शकतो. सेन्सर बसवल्यावर आरसीसीबी पडायला लागली तर आधी न्यूट्रल कुठून घेतलंय ते बघा.

काम करताना एमसीबी पाडून तपासायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. निऑनच्या टेस्टरवर मात्र भरवसा ठेवला जातो, तो ठेवू नका. तो जिवंत फेज दाखवतो, न्यूट्रल आहे की तुटलेलं आहे ते सांगत नाही, आणि स्वतः बिघडला तरी गप्प बसतो. दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्या. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा, मग काम असलेल्या तारांवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिसरी तपासणी यासाठी, की मधल्या वेळात मीटरच गेला नाही ना हे कळावं. कायम वायरिंगला हात लावायला परवाना लागतो का, हे आपापल्या ठिकाणी बघून घ्या. लागत असेल तर परवानाधारकाकडूनच करून घ्या.

दहा_लक्स

न्हाणीघरात दिवा आणि एक्झॉस्ट पंखा एकाच सेन्सरवर ठेवता येतील का?

तारसंगती

डिमरवर नाही. लाटेचा तुकडा मिळाला की पंख्याची मोटर गुरगुरते आणि तापते. दोन आउटपुटचा सेन्सर मिळतो, एक डिमरचा, एक रिलेचा. पंखा रिलेवर द्या. पंखा बंद होताना गुंडाळीतून ठिणगी उसळते आणि ती सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सला हालचाल वाटते. मग दिवा विझतो आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा लागतो. फॉइल लावूनही हे थांबत नाही, ओळखायची खूण हीच. पंख्याच्या टोकांना समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा तयार स्नबर (ठिणगी शोषणारा छोटा भाग) लावला की थांबतं.

रिलेच्या सेन्सरवर बरेच एलईडी दिवे असतील तर दिवा कधीच विझत नाही, अशी एक तक्रार येते. ड्रायव्हरची कपॅसिटरं चालू होण्याच्या क्षणी काही अँपिअरचा धक्का घेतात आणि रिलेचे संपर्क चिकटतात. रिलेचा टकटक आवाज येतो पण दिवा चालूच, म्हणजे संपर्क चिकटले. लाटेचं व्होल्टेज शून्यावर असताना चालू होणारी रिले असलेला सेन्सर यावर चांगला.

दहा_लक्स

आणि काचेच्या पार्टिशनचं काय? तिथे रडार लावावा का?

काजवा

५.८ गिगाहर्ट्झचा रडार, म्हणजे मायक्रोवेव्ह सेन्सर, काचेपलीकडे बघतो, सरळ जवळ येणारा माणूसही त्याला चांगला दिसतो. पण तो पातळ भिंत आणि दारही ओलांडतो. बाहेरच्या बोळातून कोणी गेलं तरी न्हाणीघरात दिवा लागेल. संवेदनशीलता अगदी खालपासून सुरू करून, दार लावून, बाहेर एकाला चालायला लावून ठरवा. फिरता पंखाही त्याला सतत दिसतो. २४ किंवा ६० गिगाहर्ट्झचे नवे सेन्सर स्थिर बसलेल्या माणसाच्या छातीची हालचालही टिपतात आणि त्यात अंतराची मर्यादा घालता येते. टेबलाशी वाचत बसणाऱ्यासाठी मी तेच सुचवेन. न्हाणीघरात मात्र पीआयआर छतावर, पार्टिशनच्या आतल्या बाजूला नजर जाईल असा लावणं जास्त सोपं. वाफ आणि पाण्यापासून सुरक्षित अशा दर्जाचा आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर.

उंबरठा

माळा किंवा कोठीच्या खोलीत सेन्सर लावण्याआधी हिशोब करा. सेन्सर स्वतः अर्धा वॅट खात असेल तर वर्षाला ४.४ युनिट होतात. ९ वॅटचा दिवा रोज २० मिनिटं लागत असेल तर वर्षाला १.१ युनिट. म्हणजे सेन्सर दिव्याच्या चौपट वीज खातो. हात भरलेले असताना दिवा लागावा म्हणून लावायचा असेल तर जरूर लावा, बचतीसाठी नको. उलट बोळातला ९ वॅटचा दिवा रात्रभर, १० तास, पूर्ण उजेडात ९० वॅट-तास घेतो. तोच मंद ठेवला आणि ड्रायव्हरच्या तोट्यासह दीड वॅट धरला, तर सेन्सरचा अर्धा वॅट चोवीस तास धरूनही २७ वॅट-तासांत भागतं.

बोळातला_दिवा

कार्यालयातल्या ०–१० व्होल्टच्या पॅनेल दिव्यांना हाच स्विच चालेल का? तिथे सेन्सर बसवल्यावर दिवे लागतात, पण कायम मंदच राहतात.

फेजन्यूट्रल

त्यांना लाट कापणारा डिमर चालत नाही, ०–१० व्होल्टचं आउटपुट असलेला सेन्सर लागतो. मेन्सची तार पूर्ण वीज देते आणि किती उजळायचं ते दोन बारीक तारा सांगतात. नियंत्रणाच्या त्या दोन तारा उलट जोडल्या किंवा कुठे एकमेकींना चिकटल्या, की ड्रायव्हरला शून्य व्होल्ट दिसतं आणि दिवे किमान पातळीवर अडकतात. तपासणी सोपी: वीज बंद करून सेन्सरकडच्या टोकाला दोन्ही नियंत्रण तारा सोडवा, टोकं वेगवेगळी झाका, वीज चालू करा. दिवे पूर्ण उजळले तर ड्रायव्हर आणि तार दोन्ही ठीक आहेत, सेन्सरवर तारांची अदलाबदल करून पाहा. तरीही मंदच राहिले तर ड्रायव्हरपाशी जाऊन तिथल्या तारा सोडवा. तिथे उजळले, तर मधल्या तारेत कुठेतरी चिकटलेलं आहे. छताच्या चौकटीत दबलेली तार आधी बघा.